नाताळची गृहसजावट आणि साधेपणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

नाताळ या सणाचा इतिहास बहुधा चर्च, राजदरबार आणि अलीकडच्या काळात बाजारपेठ यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ज्या घरात हा सण प्रत्यक्ष साजरा होतो त्या घराच्या भिंती, उंबरठा, खिडकी आणि माजघर यांच्याकडे इतिहासकारांचे लक्ष त्या मानाने उशिरा गेले. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. राजवाड्यातील सजावटीचे हिशेब राहतात, चर्चच्या नोंदवह्या राहतात, दुकानांच्या मागणीवह्याही राहतात. सामान्य कुटुंबाने दारावर बांधलेली हिरवी फांदी मात्र सण सरताच सुकते आणि चुलीत जाते. झाडाला टांगलेले सफरचंद मुले खाऊन टाकतात, कागदाचे फूल पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाही. साधी सजावट मागे काहीही ठेवत नाही, आणि जे मागे राहत नाही त्याचा इतिहास लिहिणे अवघड असते.

तरीही अशा सजावटीविषयी काही माहिती उपलब्ध आहे. ती कोणी नोंदवून ठेवली हे पाहिले असता एक लक्षणीय बाब समोर येते. घरच्या साध्या सजावटीची नोंद तिला मनाई करणाऱ्याने, तिच्यावर पहारा ठेवणाऱ्याने किंवा ती विकणाऱ्याने केली आहे. ती करणाऱ्या कुटुंबाने क्वचितच केली आहे. प्रस्तुत लेखात इंग्लंड, जर्मन भाषिक प्रदेश व न्यू इंग्लंड येथील काही निवडक नोंदींच्या आधारे या सजावटीचा विचार केला असून, या प्रदेशांतील परंपरांचा ज्या पश्चिम भारताशी पुढे संबंध आला त्याचा परामर्श अखेरच्या भागात घेतला आहे.

हिरव्या फांदीची नोंद

दारावर हिरवी पाने बांधण्याची चाल ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे, आणि आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांना ती खटकत होती. कार्थेजचा टर्टुलियन याने इ. स. २०० च्या सुमारास मूर्तिपूजेवर लिहिताना तक्रार केली की, रोमन सणांच्या दिवशी ख्रिस्ती लोकांच्या दारांवरच लॉरेलच्या माळा आणि दिवे अधिक दिसतात. ही तक्रार नाताळविषयी नव्हती. त्या काळी २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून रूढच झालेला नव्हता. रोममधील त्याचा पहिला निश्चित उल्लेख चौथ्या शतकातील आहे. परंतु धर्मांतर केलेल्या माणसाने दार कसे सजवावे याविषयी धर्मगुरूला वाटणारी अस्वस्थता येथे प्रथम दिसते, आणि ती पुढे अनेकदा भेटते.

चारशे वर्षांनी चर्चची भूमिका बदललेली आढळते. पोप पहिला ग्रेगरी याने इ. स. ६०१ मध्ये इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटसला पाठविलेले पत्र बीडच्या इतिहासग्रंथात जतन झाले आहे. जुनी देवळे पाडू नयेत, त्यांतील मूर्ती काढून ती चर्चच्या उपयोगात आणावीत आणि लोकांना सणाच्या दिवशी त्यांच्याभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव उभारू द्यावेत, असा त्या पत्राचा आशय आहे. एका दमात सर्व काही काढून घेतले तर लोक दुरावतील, हा त्यामागील व्यवहारी विचार होता.

इंग्लंडमधील गृहसजावटीचे स्पष्ट वर्णन जॉन स्टो याच्या लंडनविषयक ग्रंथात (१५९८) मिळते. नाताळात प्रत्येक घर आणि प्रत्येक चर्च हॉली, आयव्ही, बे यांच्या पानांनी व त्या ऋतूत जे जे हिरवे मिळेल त्याने सजविले जाई, असे तो सांगतो. हॉली हे काटेरी पानांचे व तांबड्या फळांचे झुडूप, आयव्ही ही भिंतीवर चढणारी वेल. दोन्ही हिवाळ्यात हिरवी राहतात. उत्तर युरोपात डिसेंबरमध्ये बहुतेक झाडे निष्पर्ण होतात, दिवस सात-आठ तासांचा उरतो. अशा वेळी हिरवे राहिलेले जे काही दिसेल ते घरात आणणे यात धर्मशास्त्र थोडे आणि ऋतूची गरज अधिक होती. दाराला आंब्याचा डहाळा बांधणाऱ्या प्रदेशातील वाचकास हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

स्टोने या वर्णनास जोडूनच एक प्रसंग दिला आहे. १४४४ च्या १ फेब्रुवारीच्या रात्री लंडनवर मोठे वादळ आले आणि लेडनहॉल येथे कॉर्नहिल रस्त्यावर नाताळसाठी उभारलेला, हॉली व आयव्हीने मढविलेला एक उंच खांब उन्मळून पडला. खांब पडला नसता तर तो तेथे उभा होता हे आज कळलेही नसते. साध्या सजावटीची नोंद कोणत्या योगायोगाने होते याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

बंदी आणि उंबरठा

याच कॉर्नहिलवर दोनशे वर्षांनी हिरव्या फांद्यांवरून झटापट झाली. प्युरिटन विचारांच्या प्रभावाखालील इंग्लिश पार्लमेंटने १६४५ मध्ये स्वीकारलेल्या उपासनाविधीत रविवारखेरीज अन्य पवित्र दिवसांना स्थान ठेवले नाही, आणि जून १६४७ च्या फर्मानाने नाताळ, ईस्टर इत्यादी सण रद्द ठरविले. त्या वर्षीच्या नाताळात लंडनमधील काही लोकांनी कॉर्नहिलच्या सार्वजनिक पाणवठ्यावर हॉली व आयव्ही बांधली. ती उतरविण्यासाठी स्वतः लॉर्ड मेयरला जावे लागले आणि तेथे गर्दीशी संघर्ष झाला. कँटरबरीत तर त्याच दिवशी दंगल उसळली. सण पाळणाऱ्यांनी दारांवर हॉलीची झुडपे लावली आणि मेयरच्या आज्ञेने उघडलेल्या दुकानांतील माल रस्त्यावर फेकला. काट्याची एक फांदी दारावर असणे किंवा नसणे ही त्या काळी राजकीय निष्ठेची खूण ठरली होती.

येथे साधेपणा या शब्दाचा एक वेगळा अर्थ लक्षात घ्यावयास हवा. प्युरिटनांची भूमिका साध्या सजावटीची नव्हती, सजावटच नको अशी होती. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही तो सण नाही, आणि सणच नाही तर फांदी कशाला, असा त्यांचा तर्क होता. तो आपल्या जागी सुसंगत होता हे मान्य करावे लागेल. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६५९ मध्ये काम बंद ठेवून, मेजवानी करून किंवा अन्य प्रकारे नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळला सार्वजनिक सुटीचा दर्जा १९५८ मध्ये मिळाला.

या बंदीची अंमलबजावणी प्रामुख्याने रस्त्यावर, दुकानात आणि चर्चमध्ये झाली, कारण तेथे ती शक्य होती. चर्चचे दार बंद करता येते, दुकान उघडावयास लावता येते. माजघरातील भिंतीवर खोचलेल्या फांदीपर्यंत पोहोचणे शासनास तितके सोपे नव्हते. १६६० मध्ये राजेशाही परत आली तेव्हा सणही प्रकटपणे परतला. तो इतक्या सहजपणे परतू शकला याचे श्रेय धर्मपंडितांइतकेच उंबरठ्याच्या आत राहिलेल्या या सवयींना द्यावे लागते.

झाड घरात आले

नाताळचे झाड ही आज सजावटीची सर्वमान्य खूण असली, तरी तिचा मूळ प्रदेश मर्यादित होता. ऱ्हाईन नदीकाठच्या आल्सास प्रांतातील सेलेस्टा या गावच्या १५२१ च्या हिशेबात सणासाठी वापरल्या जाणाऱ्या झाडांची राखण करण्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग दिल्याची नोंद आहे. लोक नगराच्या जंगलातून झाडे तोडून नेत होते म्हणून राखण लागली आणि राखणीचा खर्च झाला म्हणून नोंद झाली. घरात नेलेल्या त्या झाडांचे पुढे काय होत असे, हे त्या हिशेबात नाही.

ते थोडेबहुत १६०५ च्या एका अनामिक प्रवाशाच्या टिपणातून कळते. स्ट्रासबुर्ग येथे लोक दिवाणखान्यात फरची झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ पापडीसारख्या वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ टांगतात, असे त्याने लिहिले आहे. या यादीत मेणबत्त्या नाहीत, काच नाही. वर्ख सोडल्यास प्रत्येक वस्तू एक तर स्वयंपाकघरातील आहे किंवा घरी कातरता येईल अशी आहे. येथे सजावट आणि खाऊ यांच्यात सीमारेषा नाही. सण संपला की झाड मुलांच्या स्वाधीन होई. हीदेखील काहींना फार वाटली. स्ट्रासबुर्गचाच धर्मपंडित योहान कोनराड डानहाउअर याने सतराव्या शतकाच्या मध्यास, बाहुल्या आणि साखर टांगलेल्या या झाडाची बालिश प्रकार म्हणून संभावना केली.

इंग्लंडमध्ये हे झाड राजघराण्यातून आले. जर्मन वंशाच्या शार्लट राणीने १८०० मध्ये विंडसर येथे मुलांसाठी यू जातीचे झाड सजविले. परंतु ही चाल मध्यमवर्गात पसरली ती ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने १८४८ मध्ये छापलेल्या चित्रामुळे. त्यात व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि मुले एका टेबलावरील झाडाभोवती उभी आहेत. १८५० मध्ये अमेरिकेतील ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने हेच चित्र छापताना राणीच्या मस्तकावरील अलंकार आणि अल्बर्टच्या मिशा काढून टाकल्या. राजघराण्याचे झालेले हे ‘साधे’ अमेरिकन कुटुंब म्हणजे केवळ खोडरबराची किमया होती. झाड आणि त्यावरील सारी सामग्री मात्र जशीच्या तशी राहिली. घरगुती साधेपणाची प्रतिमा छापखान्यात तयार होऊ लागल्याचा हा एक आरंभीचा पुरावा मानता येईल.

त्याच सुमारास एक अगदी निराळी सजावट हॅम्बुर्गमध्ये जन्मास आली. योहान हिनरिख विखर्न या धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये दरिद्री व निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था स्थापन केली होती. नाताळ किती दिवसांवर आला, हे मुले पुनःपुन्हा विचारीत. १८३९ मध्ये त्याने एका जुन्या गाडीच्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक अधिक मेणबत्ती पेटे. पुढे त्या चाकाला हिरव्या फांद्या गुंडाळल्या गेल्या आणि कुटुंबांच्या सोयीसाठी मेणबत्त्या चारच उरल्या. आज ‘आगमनकाळाचे कंकण’ म्हणून ओळखली जाणारी वस्तू ती हीच. दिवस मोजण्याचे साधन हे तिचे मूळ काम. शोभा त्यात नंतर आली.

लाउशाची काच

थुरिंगिया प्रांतातील लाउशा हे डोंगराळ गाव १५९७ पासून काचकामासाठी प्रसिद्ध होते. तेथील एका गरीब कारागिरास झाडावर टांगण्यासाठी सफरचंदे व अक्रोड विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने ती काचेची फुंकली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेला कागदोपत्री आधार नाही. परंतु काचेच्या गोळ्यांची डझनावारी मागणी १८४८ च्या एका मागणीवहीत नोंदलेली आहे, आणि १८६७ मध्ये गावात गॅस आल्यावर काच पातळ फुंकणे सुलभ झाले, एवढे निश्चित आहे.

हा व्यवसाय कारखान्यात नव्हे, घरात चाले. पुरुष ज्योतीपाशी बसून काच फुंकीत. स्त्रिया आणि मुले गोळ्याच्या आत चांदीचे द्रावण फिरवीत, तो वाळला की रंगवीत, टोके कापीत व खोक्यांत भरीत. तयार माल पाठीवरील टोपल्यांत घालून स्त्रिया जवळच्या सोनेबेर्ग येथील घाऊक व्यापाऱ्यांकडे नेत. ज्या खोलीत स्वयंपाक होई आणि मुले झोपत, त्याच खोलीत हे काम चाले. मालाचा दर व्यापारी ठरवी.

येथे या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न उपस्थित होतो. स्ट्रासबुर्गच्या दिवाणखान्यात आई आणि मुलांनी कागदाचा गुलाब कातरणे आणि लाउशाच्या खोलीत आई आणि मुलांनी काचेचे सफरचंद रंगविणे, या दोन्ही घरात घडणाऱ्या, हातांनी होणाऱ्या आणि सणासाठीच्या कृती आहेत. पहिली कुटुंबाचा विरंगुळा होती, दुसरी त्याची उपजीविका. दुसरीच्या स्वस्ताईमुळे पहिली अनावश्यक ठरली. अमेरिकन व्यापारी फ्रँक वूलवर्थ याने १८८० मध्ये नाखुशीनेच पंचवीस डॉलरचा असा माल घेतला आणि तो दोन दिवसांत संपला, असे सांगितले जाते. पुढे तो स्वतः जर्मनीत खरेदीस जाऊ लागला. त्याच्या दुकानांतून काही सेंटांत मिळणारा गोळा ‘साधी घरगुती सजावट’ म्हणून विकत घेणाऱ्या कुटुंबाला, तो दुसऱ्या एका कुटुंबाच्या साऱ्या वर्षाच्या श्रमातून आला आहे, हे कळण्याचा मार्ग नव्हता. उद्योगाच्या इतिहासात अशा गोष्टी नवलाच्या नाहीत. तथापि, सणाच्या आठवणींत त्या सहसा सांगितल्या जात नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हा व्यापार खंडित झाला. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने विजेचे दिवे बनविण्याच्या यंत्रावर १९३९ मध्ये गोळे काढावयास आरंभ केला. युद्धकाळात धातूच्या टंचाईमुळे त्यांच्या धातूच्या टोपणांऐवजी पुठ्ठ्याची टोपणे लावली गेली. ब्रिटनमध्ये कागद दुर्मीळ झाल्याने कुटुंबांनी जुनी वर्तमानपत्रे रंगवून साखळ्या केल्या, आणि फांद्यांवर बर्फाचा आभास आणण्यासाठी त्या एप्सम मिठाच्या द्रावणात बुडविण्याची सूचना शासनाच्या अन्नखात्याने गृहिणींना केली. याच काळात जर्मनीतील नाझी राजवटीची स्त्रीसंघटनाही हाताने केलेल्या सजावटीचा पुरस्कार करीत होती. मात्र ताऱ्याच्या जागी सूर्यचक्र व प्राचीन जर्मन लिपीची चिन्हे घालावीत, असा तिचा आग्रह होता. साधी आणि हाताने केलेली वस्तू आपोआप निष्पाप ठरत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

पश्चिम भारत : तारा आणि गोठा

पश्चिम भारतात हा सण दोन भिन्न प्रवाहांतून आला. पहिला पोर्तुगीज कॅथलिक प्रवाह. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत तेथे स्थिरावलेला ख्रिस्ती समाज पुढेही तेथेच राहिला. दुसरा प्रवाह अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनचा. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) कार्यास लागले. हे मिशनरी बहुतांशी काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे ज्या वसाहतीने नाताळसाठी पाच शिलिंग दंड ठेवला होता तिच्या धार्मिक परंपरेचे वारस होते. त्यांच्या मायभूमीत मॅसॅच्युसेट्सने नाताळला कायदेशीर सुटी दिली ती १८५० च्या दशकात. असे असूनही मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबांत सणाचे नाव रूढ झाले ते पोर्तुगीज शब्दापासून आलेले ‘नाताळ’ हेच. शब्दाच्या बाबतीत आधी आलेल्या प्रवाहाचा शेजार अधिक प्रभावी ठरला असे दिसते.

कॅथलिक प्रवाहातही घराच्या आतील आचारावर नजर होती. गोव्यातील धर्मन्यायालयाने (स्थापना १५६०) १७३६ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती कुटुंबांच्या अनेक घरगुती चालीरीतींना मनाई केली. घराच्या आवारात तुळस लावणे हेही त्यात येते. टर्टुलियनची तक्रार आणि हा जाहीरनामा यांत पंधराशे वर्षांचे अंतर आहे. दार आणि अंगण यांवर काय असावे हा प्रश्न मात्र तोच आहे, आणि या वेळी त्यामागे दंडसत्ता उभी होती. अशा मनाईतून वाचलेली किंवा तिच्या नजरेत न आलेली कौशल्ये मात्र नाताळच्या सजावटीत सुखाने नांदताना दिसतात.

याचे एक उदाहरण तारा. युरोपातील कागदी ताऱ्याचा उगम मोरेव्हियन पंथाच्या नीस्की येथील शाळेत, १८३० च्या दशकात भूमितीच्या अध्यापनात झाला, आणि १८९७ पासून हेर्नहुट येथे त्याचा कारखाना निघाला. गोव्यात ‘नखेत्र’ म्हणून ओळखला जाणारा, बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून केलेला पाच टोकांचा तारा आकाराने युरोपीय कल्पनेशी नाते सांगतो. पण त्याच्या कामट्या तासण्याची, दोऱ्याने सांधण्याची आणि खळीने कागद लावण्याची रीत आकाशकंदिलाची आहे. दिवाळी आणि नाताळ यांत साधारण दीड-दोन महिन्यांचे अंतर असते. एकाच गल्लीत, पुष्कळदा त्याच हातांनी, दोन्ही होतात.

दुसरे उदाहरण गोठ्याचे. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाणी, बैल आणि गाढव यांसह ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. पुढे तो चर्चमध्ये भव्य होत गेला. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८० च्या दशकात चर्चमधील असे देखावे बंद करविले, तेव्हा ते लोकांच्या घरांत शिरले. येथेही मनाईनेच घरगुती परंपरा बळावली. वसई आणि गोव्यातील घरगुती गोठा मात्र स्थानिक सामग्रीचा असतो. माती, पेंढा, झावळ्या, दगड आणि लहान मूर्ती यांचा तो बनतो. गोठ्यापुढील हिरवळीसाठी नाचणी, गहू किंवा भात यांचे दाणे आठ-दहा दिवस आधी पसरट भांड्यात पेरून रुजविण्याची रीत अनेक घरांत आहे. घटस्थापनेला शेतातील माती आणून धान्य रुजविणाऱ्या शेजाऱ्याला या कृतीत अपरिचित असे काहीच वाटू नये. त्याचा अर्थ एक परंपरा दुसरीवरून उचलली असाच होत नाही. दाणा रुजविणे हे शेतकरी घराला कोणीही शिकवावे लागत नाही.

गेल्या काही दशकांत प्लॅस्टिकचे तारे, विजेच्या माळा आणि तयार गोठे मुंबईच्या बाजारातून सर्वत्र पोहोचले आहेत. या मालाच्या पावत्या आणि आयातीचे आकडे यांवरून पुढील काळातील संशोधक या सजावटीचा इतिहास लिहू शकतील. पेरलेल्या नाचणीबाबत ती सोय नाही. तिला कोणी मनाई केली नाही, तिच्यावर पहारा बसला नाही आणि ती विकलीही गेली नाही. म्हणून वसई, गोवा व अहिल्यानगर परिसरातील वयोवृद्ध ख्रिस्ती स्त्रियांच्या मुलाखती घेणे हाच येथे उपलब्ध मार्ग आहे. दाणे कोणते आणि कोणत्या दिवशी पेरले, भांडे उजेडात ठेवले की अंधारात, कामट्या कोणाकडून आणल्या, कागदासाठी पैसे कोठून काढले आणि सण उलगडल्यावर ती रोपे गुरांना घातली की परड्यात लावली, एवढे जरी विचारून लिहून घेतले तरी आज कोणत्याही दप्तरात नसलेली माहिती हाती येईल.